राज्य स्पर्धेला अकरा दिवस: पोरींना पळवू की बसवू?

पाटीवरचा
नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, आज अडलोय म्हणून लिहितोय. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या मुलींना खो-खो शिकवतो. शाळेत नोकरीला नाही. दिवसभर दूध संकलन केंद्रावर असतो आणि संध्याकाळी मैदानावर. सतरा वर्षांखालच्या आमच्या मुली यंदा तालुका, जिल्हा आणि विभाग जिंकून पहिल्यांदाच राज्याला निघाल्यात. हातात अकरा दिवस आहेत.

अडचण अशी की पोरी जुलैपासून पळतायत. दोघींच्या नडग्या दुखतात. आमची एक नंबरची पळती (बचावात पळणारी) विभागाच्या अंतिम सामन्यात दोन मिनिटं नाबाद होती, ती परवा सरावात पन्नास सेकंदांत बाद झाली, तेही सरळ मारात. फाउल वाढलेत. खो मिळायच्या आधीच उठतात.

मुख्याध्यापक म्हणतात, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सराव घ्या. गावातल्या जुन्या खेळाडूंचंही तेच मत. मला वाटतंय सराव कमी करावा. पण कमी केला आणि हरलो तर सगळं माझ्याच डोक्यावर येणार. त्यात चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लागलाय. काय करू?

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
आधी तो फ्लेक्स उतरवा. बाकीचं नंतर बघू.

पाटीवरचा
उतरवता येत नाही. पोरींपेक्षा मोठा फोटो ज्यांचा आहे त्यांनीच लावलाय.

निवृत्त_पीटी
एकतीस वर्षं मैदानावर काढली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करणारा संघ मी कधी जिंकलेला पाहिला नाही. आम्ही पहाटे पाचला उठवायचो, चार किलोमीटर पळवायचो, मग तासभर खो-खो आणि शाळा सुटल्यावर पुन्हा दोन तास. कोणाच्या नडग्या दुखत नव्हत्या. दुखल्या तरी सांगायची सोय नव्हती. हल्ली पोरांना जपायचं म्हणून फार कौतुकं चालतात. विश्रांती दिली की अंग जड होतं, हे लक्षात ठेवा.

डॉ_घोटा
सर, "दुखल्या तरी सांगायची सोय नव्हती" यातच सगळं आलं :)

पाटीवरचा, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, फक्त अर्धंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पोहणारे आणि धावणारे जास्त बघतो, खो-खोवाले कमी. मोठ्या स्पर्धेआधी सराव उतरवत नेण्यावर पुष्कळ अभ्यास झालाय. सगळ्यांचा सूर साधारण एकच आहे: शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण सराव चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करायचा, पण वेग आणि जोर तसाच ठेवायचा. मैदानावर यायचे दिवसही फारसे कमी करायचे नाहीत. म्हणजे दोन तासांऐवजी पन्नास मिनिटं, पण त्या पन्नास मिनिटांत सामन्याच्या वेगानेच पळायचं. लोक नेमकं उलटं करतात. वेळ तेवढाच ठेवतात आणि पोरं जीव वाचवत अर्ध्या वेगाने पळतात. थकवा उतरत नाही आणि धारही जाते.

कारण साधं आहे. जुलैपासून कमावलेली ताकद दहा दिवसांत कुठे जात नाही, पण साचलेला थकवा दहा दिवसांत बराच उतरतो. तुमच्या पळतीची पन्नास सेकंदं आणि वाढलेले फाउल हा थकवाच दिसतोय. पाय उशिरा उठतात आणि डोकं घाई करतं.

नडगीवाल्या दोघींना एकदा अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून आणा. हाडाच्या एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर स्पर्धा विसरा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर या दोघींना धावणं बंद, सायकल चालू.

निवृत्त_पीटी
"वेग आणि जोर तसाच ठेवायचा" हे मान्य. मी तेच म्हणतोय.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
सर, तुम्ही चार किलोमीटर म्हणाला होतात. तो वेग नाही, ती वारी आहे. (हलकं घ्या.)

खुंटावरची
रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते. तोवर एकच विचारते: राज्य स्पर्धा मातीवर आहे की मॅटवर? पोरी मॅटवर किती दिवस खेळल्यात?

पाटीवरचा
मॅटवर आहे. पोरी विभागाला तीन सामने मॅटवर खेळल्या, बस तेवढंच. गावात मातीच आहे, रोज पाणी मारून करतो.

वानखेडेचा_कठडा
खो-खोतलं मला कळत नाही, पण अंतिम सामना म्हटलं की चंद्रकांत पंडित आठवतात. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते आणि बंगळुरूला कर्नाटककडून हरले. २०२१-२२ ला त्याच चिन्नास्वामीवर, त्याच मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी आपल्या मुंबईला हरवून करंडक नेला. मध्ये विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक दिले. शिस्त म्हणजे लष्करी. लाड नाहीत. तेव्हा पीटी सरांच्या म्हणण्यात तथ्य आहेच.

नागपुरी_सावजी
विदर्भाचं नाव घेतलंच आहे तर २०२४-२५ पण लिहा ना भाऊ. केरळविरुद्ध सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक आमचा. तिसरा!

वानखेडेचा_कठडा
लिहिलं असतं. पण मग २०२३-२४ पण लिहावं लागेल. वानखेडेवर १६९ धावांनी हरलेलं कोण होतं बरं? आणि आमचे करंडक ४२ आहेत.

डॉ_घोटा
अवांतर थांबवा रे. क्रिकेटची तुलना इथे अर्धीच लागू पडते. रणजी अंतिम सामना पाच दिवसांचा असतो. यांच्या पोरीला एका पाळीत दोन मिनिटं जीव तोडून पळायचंय.

लोण_बसला
कबड्डीवाला बोलू का? आमच्याकडे अंतिम सामन्याआधी सरावापेक्षा वजनाचंच टेन्शन असतं. कुमार गटाला ७० किलो, कुमारींना ६५. स्पर्धेच्या सकाळी काटा लावतात. मी स्वतः कुमार असताना आदल्या संध्याकाळी ७१.४०० होतो. रात्री पाणी बंद, प्लास्टिकचा रेनकोट घालून उड्या, सकाळी ६९.९००. काटा पास झाला. पण पहिल्या चढाईत निदान रेषेपलीकडे गेलो आणि परत यायला पायच उचलेना. नवख्या कोपरारक्षकाने धरलं मला. आजही तो भेटला की हसतो.

पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीत विनेश फोगटचं काय झालं सगळ्यांनी बघितलं. ५० किलोत अंतिम फेरीत पोचली आणि ७ ऑगस्टच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद. ती तर जगातल्या उत्तम माणसांच्या देखरेखीखाली होती. आपल्याकडे गावातल्या व्यायामशाळेत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांकडून हेच करून घेतात, तेही "अमक्याने केलं होतं" एवढ्या भांडवलावर.

पाटीवरचा
खो-खोत वजनाची भानगड नाही हे नशीब.

सिस्टर_ऑन_ड्युटी
वजनाची नाही, पण दुसरी आहे. एवढे प्रतिसाद झाले, सगळे पुरुष आणि एक खुंटावरची. म्हणून मीच लिहिते.

दादा, बारा मुली आहेत. त्या तीन-चार दिवसांत निदान दोघी-तिघींना पाळी येणारच. तुम्हाला त्या सांगणार नाहीत. आमच्या मुलीच्या संघात एकीने गुपचूप गावातल्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि सामन्याच्या दिवशी मळमळ होऊन बसून राहिली. डॉक्टरला विचारल्याशिवाय असल्या गोळ्या कुणीही घ्यायच्या नाहीत, हे आत्ताच सांगा. तुम्ही सांगू नका, कुठल्या तरी मॅडमना किंवा आईला मैदानावर बोलवा.

गणवेशाची चड्डी कुठल्या रंगाची आहे? पांढरी असेल तर गडद करा. वाक्य लहान वाटेल, पण पोरगी सूर मारताना बिचकते कशाने ते त्यात आहे. आणि जमलं तर सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. दहा दिवसांत वाढवता येणार नाही, पण कोण कशामुळे दमतंय ते तरी कळेल.

पाटीवरचा
ताई, चड्डी फिकट पिवळी आहे. गेल्या पाच वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्याच बघतो.

खुंटावरची
सिस्टरना मनापासून अनुमोदन. मी आठ वर्षं राज्य खेळले, पहिली दोन पांढऱ्या चड्डीत.

आता मॅट. मातीवर पाय थोडा घसरतो आणि मग थांबतो. त्या घसरण्याचा हिशोब पळतीच्या अंगात मुरलेला असतो. मॅटवर पाय जिथे टाकला तिथेच चिकटतो. मातीवरची हुलकावणी तिथे मारली तर अंग वळतं आणि गुडघा मागेच राहतो. माझ्या एका मैत्रिणीचा गुडघा असाच गेला. मारणाऱ्यांचंही तेच. पोल धरून वळताना मातीत पाय फिरतो, मॅटवर अडकतो. सूर मारला की कोपर आणि गुडघे भाजतात, आणि एकदा भाजलं की पुढच्या वेळी पोरगी हात आखडता घेते.

म्हणून तुमच्या अकरा दिवसांतले निदान चार दिवस कुठून तरी मॅट मिळवा. जिल्हा क्रीडा संकुलाला अर्ज करा, कबड्डीवाल्यांच्या मॅटवर पोल नसले तरी हुलकावण्या आणि सूर होतात. आणि बूट! मॅटचे बूट आत्ताच घ्या आणि आत्ताच वापरा. स्पर्धेच्या सकाळी नवे बूट म्हणजे फोड.

दुसरं म्हणजे शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. पोरी साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी) पळणाऱ्या असतील तर साखळीच पळू द्या. कुठला तरी व्हिडिओ बघून गोल पळती बसवायला जाल आणि दोन्ही जातील. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला आपल्या दोन्ही संघांनी विश्वचषक जिंकला, महिलांची कर्णधार आपली प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. तुमच्या पोरींनी ते सामने पाहिलेच असतील. पाहू देत, पण नक्कल नको. ड्रीम रन (तिघींची तुकडी बराच वेळ नाबाद राहिली की मिळणारे गुण) वगैरेची तिथली पद्धत वेगळी आहे.

निवृत्त_पीटी
खुंटावरचीचा प्रतिसाद सोन्याने मढवावा असा. मॅटबद्दल मला अनुभव नाही हे कबूल. माझी सगळी पोरं मातीतली.

यारा_काठची
मेलबर्नहून. इथे सप्टेंबर आला की गल्लीतल्या क्लबांपासून सगळ्यांचे मोसमाअखेरचे अंतिम सामने असतात. माझी लेक नेटबॉल खेळते, प्रशिक्षक या महिन्यात सराव निम्म्यावर आणतात.

पण जास्त विश्रांतीचीही एक गंमत सांगते. इथल्या फुटबॉल लीगने (ऑस्ट्रेलियन पद्धतीचं फुटबॉल) २०१६ ला बाद फेरीआधी सगळ्या संघांना एक आठवडा सुट्टी ठेवली. त्यामुळे पहिला सामना जिंकणाऱ्या वरच्या संघाला पुन्हा सुट्टी मिळते आणि जवळजवळ चार आठवड्यांत तो एकच सामना खेळून उपांत्य फेरीला उतरतो. त्या पहिल्याच वर्षी असे ताजेतवाने झालेले दोन्ही संघ हरले, आणि सातव्या क्रमांकावरून आलेले वेस्टर्न बुलडॉग्ज सलग खेळत खेळत विजेते झाले. इथे अजून त्यावर वाद घालतात. तेव्हा "अंग जड होतं" म्हणणारे सर अगदीच चुकीचे नाहीत.

निवृत्त_पीटी
धन्यवाद ताई. ऑस्ट्रेलियातून का होईना, पाठिंबा मिळाला.

डॉ_घोटा
एका वर्षाच्या दोन निकालांवरून काही सिद्ध होत नाही, पण मुद्दा पटतो. म्हणूनच पूर्ण सुट्टी नको म्हणालो. पाटीवरचा, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: पहिले दोन दिवस पूर्ण आराम, झोप आणि डबा. मग एक दिवसाआड मॅटवर पन्नास मिनिटं: अंग गरम करणं, वीस-तीस मीटरच्या सहा-आठ जोरदार धावा आणि प्रत्येकीनंतर पूर्ण दम खाणं, मग एकच पाळी सामन्याच्या वेगाने. मधल्या दिवशी नुसता पोलचा आणि खो देण्याचा हलका सराव. निघायच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं, घाम फुटेपर्यंत.

झोप सगळ्यात महत्त्वाची. या वयाला आठ ते दहा तास लागतात. सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाहीच, त्याची धास्ती घालू नका. आधीचा आठवडाभर झोपल्या असतील तर ती एक रात्र निभावते.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
आणि शाळेच्या वर्गखोलीत गाद्या टाकून वीस जणी झोपणार, त्यात एकीच्या फोनवर रील चालू. आठ तास!

लोण_बसला
फोन रात्री नऊला गोळा करा. डासांचं मलम न्या. पाणी घरचं किंवा उकळलेलं. उसळ, मिसळ, भजी बंद (मिसळराव, माफ करा). सकाळी सामन्याआधी दोन-अडीच तास पोहे किंवा पोळी-गूळ, दोन सामन्यांमध्ये केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

आणि कागद! ओळखपत्र, बोनाफाइड, जन्मदाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. एकदा आमच्या चढाईपटूचा दाखला घरी राहिला. त्याच्या बापाने मोटारसायकलवर एकशे चाळीस किलोमीटर आणून दिला. तोवर आम्ही हरलो होतो.

वानखेडेचा_कठडा
एक कामाचं आठवलं. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या २ तारखेला, नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. मी स्टँडमध्ये होतो. आम्ही प्रेक्षकच नखं खाऊन संपवली, आत त्या पोरींचं काय झालं असेल. तरी ५२ धावांनी जिंकल्या. प्रशिक्षक आपले अमोल मुजुमदार. स्वतः प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढून भारताकडून एकही सामना न मिळालेला माणूस. वाट कशी बघायची हे त्याच्याइतकं कोणाला माहीत!

तुमच्याकडेही नऊचा सामना बाराला सुरू होणारच. उद्घाटनाची भाषणं असतील, पाहुणे येतील. नऊला अंग गरम करून बसवलं की बाराला गार.

खुंटावरची
शंभर टक्के. आधीचा सामना दुसऱ्या डावात गेला की मगच अंग गरम करायला घ्या, त्याआधी सावलीत बसवा. आणि नाणेफेक जिंकली तर काय घ्यायचं ते आत्ताच ठरवा, तिथे नाही.

पाटीवरचा
आम्ही नेहमी आधी संरक्षण घेतो. समोरच्या दमतात, मग आम्ही मारतो.

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचा प्रतिसाद छापून दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे डॉक्टर कुठले?" पण सकाळचा सराव रद्द झाला. तालुक्याच्या गावच्या कबड्डी मंडळाची मॅट चार दिवस मिळाली. चड्ड्या काळ्या झाल्या. एकीची नडगी बोट ठेवल्यावर दुखते, तिला बसवलं. खूप रडली. तिला सोबत नेतोय, वेळ टिपायला.

*(तेरा दिवसांनी)*

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
धागा वर काढतोय. अहो पाटीवरचा, काय झालं?

पाटीवरचा
काल रात्री उशिरा पोचलो. तिसऱ्या आलो. उपांत्य सामना एका गुणाने गेला.

पोरी ताज्या होत्या, हे शंभर टक्के सांगतो. एक नंबरची पळती उपांत्यपूर्व सामन्यात दोन मिनिटं वीस सेकंद पळाली. पण उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकली आणि मी आक्रमण घेतलं. तिथे भेटलेले एक ओळखीचे प्रशिक्षक म्हणाले, समोरची पहिली तुकडी कच्ची आहे, आधी मारून घ्या. ती तुकडी कच्ची नव्हती. पहिल्याच पाळीत आमचे पाच फाउल झाले. पोरींना आधी पळायची सवय, त्यांना कळेचना की आज बसायचं का. नंतर दुसऱ्या डावात सगळं ओढून आणलं, पण एक गुण कमी पडला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आधी संरक्षण घेतलं आणि आरामात जिंकलो.

निवृत्त_पीटी
अकरा दिवस आधी ठरवलेलं, मैदानावर उभं राहून बदललंत? कान धरा.

पाटीवरचा
धरले सर. पोरींसमोरही धरले, बसमध्ये.

खुंटावरची
पहिल्यांदा राज्याला जाऊन तिसऱ्या! आम्ही पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात डावाने हरून त्याच रात्री परत निघालो होतो. त्यातल्या दहावीच्या मुली किती? क्रीडा गुणांचा प्रस्ताव वेळेत पाठवा, शाळा विसरतात.

पाटीवरचा
पाच आहेत. उद्याच मुख्याध्यापकांकडे जातो. ते सध्या खुशीत आहेत. नवा फ्लेक्स लागलाय.

डॉ_घोटा
नडगीवाली कशी आहे? आता निदान पंधरा दिवस सगळ्यांना सुट्टी द्या.

पाटीवरचा
सहा आठवडे धावायचं नाही म्हणालेत. सुट्टी दिली आहे, तरी आज संध्याकाळी चौघी मैदानावर पाणी मारत होत्या. हाकललं.

सिस्टर_ऑन_ड्युटी
अभिनंदन दादा. काळ्या चड्ड्यांचं काय झालं?

पाटीवरचा
ताई, त्यावर कुणी काहीच बोललं नाही. एकीच्या आईने मात्र घरी बोलावून जेवायला वाढलं.

नवीन_पालक_वाई
पूर्ण धागा वाचून काढला. मुलगी सहावीत आहे, नुकतीच खो-खो सुरू केलीय. मॅटचे बूट तीन नंबरचे कुठे मिळतात? आमच्याकडे सगळे पाचपासून सुरू.

लोण_बसला
मुलग्यांच्या कबड्डीच्या बुटांत तीन नंबर मिळतो, तळ तोच असतो. दुकानात "लहान मुलाचा" म्हणून मागा, "मुलीचा" म्हणालात तर गुलाबी दाखवतात.